जवल

मामेभावाचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा ठाण्यात सकाळचे साडेआठ वाजले होते, म्हणजे तिकडे इस्राएलमधल्या दिमोनात पाच. फेब्रुवारी 2021. मी गॅसपाशी उभी होते, चहा उतू जाण्याच्या बेतात होता. एका हातात पकड, दुसऱ्या हातात फोन. अकरा सेकंदांचा मेसेज. ‘ताई, आजोबा गेले. राती झोपले ते उठलेच नाही. जवल कोनी नव्हतं.’ मी गॅस बंद केला, फोन ओट्यावर ठेवला, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? ‘जवल नाही रे, जवळ.’ पंचाण्णव वर्षांचा माझा आजा गेला होता आणि मी मास्तरीणबाईसारखी नातवाचं मराठी तपासत होते. मग रडू वगैरे आलं, आईला उठवून सांगितलं, फोनाफोनी झाली. पण तो पहिला एक क्षण दाढेत अडकलेल्या सुपारीसारखा राहून गेला. आज इतक्या वर्षांनीही जीभ तिथंच जाते.

जाणं शक्य नव्हतं. विमानं बंद, दोन्हीकडे कोरोनाचे निर्बंध. सात दिवसांचं सुतक आम्ही लॅपटॉपसमोर बसून पाळलं. पलीकडे मामा, मामी, मावस-मामे नातवंडं चौकोनाचौकोनांत. भिंतीवर प्रेषित एलियाहू हनाबीची तीच तसबीर जी आमच्याही घरात आहे, रथ आणि अग्नी. मलिदा झाला तेव्हा आईनं इकडे वेगळं ताट केलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं. ताट कॅमेऱ्यासमोर धरलं तर पलीकडून कुणीतरी लहान मूल म्हणालं, ‘नारल!’ सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी नाही हसले. मला पुन्हा तेच झालं.

आजोबांच्या आडनावाच्या मधोमध एक ळ आहे. आडनाव इथं लिहीत नाही, लगेच कुणीतरी नातं काढत बसेल. शेवटी ‘कर’ आहे, बेने इस्राएलांच्या, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या, आडनावांना असतो तसा, म्हणजे अलिबाग-रोहा-पेण भागातलं कुठलं तरी गाव. आजोबांच्या आयुष्यात हा ळ म्हणजे काय प्रकरण होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती गोष्ट आजी सांगायची, आजोबा नाहीत. 1963 साली दोन मुलगे, चार ट्रंका आणि एक वळकटी घेऊन ही मंडळी मुंबईहून विमानानं इस्राएलच्या लोद विमानतळावर उतरली. रात्रीची वेळ. टेबलामागं बसलेली बाई नावं लिहून घेत होती. आजोबांना हिब्रू बोलता येत नव्हतं, पण वाचता येत होतं, प्रार्थनेपुरतं का होईना. त्यांनी बाईच्या कागदावर वाकून पाहिलं तर तिनं आडनावात साधा लामेद लिहिलेला. म्हणजे ल. आजोबा म्हणाले, हे नव्हे. बाई म्हणाली, परत सांगा. आजोबांनी जीभ टाळ्याला वळवून सांगितलं. बाई स्वतः रुमानियाहून आलेली असावी, असा आजीचा अंदाज. तिनंही जीभ वळवायचा प्रयत्न केला, जमेना, ती हसायला लागली. मागं रांग. पोरं पेंगत होती. आजी म्हणे, अहो सोडा ना, पण यांनी खिशातलं पेन काढलं आणि बाईच्या त्या सरकारी कागदाच्या कडेला देवनागरीत ळ काढून दिला. मोठा, ठसठशीत. बाईनं त्यावर शिक्का मारला आणि पुढचा माणूस बोलावला. कागदावर नोंद झाली ती ल चीच.

हिब्रूत ळ नाही. ण नाही, ट-ठ-ड-ढ नाहीत. उलट त्यांच्याकडे घशातून काढायचे दोन आवाज आहेत, ते आजोबांना शेवटपर्यंत जमले नाहीत. तो हिशेब बरोबरीत सुटला असं ते म्हणायचे.

माझी आई त्या विमानात नव्हती. ती सर्वांत थोरली, आदल्याच वर्षी सतराव्या वर्षी तिचं लग्न झालेलं, आणि माझ्या वडिलांना रेल्वेची नोकरी सोडायची नव्हती. म्हणून मी ठाण्याची झाले. आजोबा माझ्यासाठी कित्येक वर्षं माणूस नव्हतेच, ते एक अक्षर होतं, निळ्या एअरोग्रामवरचं. महिन्यातून एक यायचं. कडा चाटून चिकटवलेल्या, त्या ब्लेडनं उघडायचा मान माझा. आत एवढीशीही जागा मोकळी न सोडता मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं, आणि त्या मुंग्यांमध्ये जिथं जिथं ळ यायचा तिथं तो इतर अक्षरांपेक्षा मोठा. आभाळ, वेळ, डाळ, सकाळ, काळजी. पत्र हातभर लांब धरलं की नुसते ळ दिसायचे. मी विचारलं होतं एकदा उत्तरात, की असं का. त्यांनी लिहिलं, ‘हा घाण्याच्या बैलाचा फेरा आहे. दोन फेरे पूर्ण घेतल्याशिवाय तेल निघत नाही.’ आमचे लोक मूळचे तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, शनवार तेली. आजोबांच्या वडिलांपर्यंत घाणा होता.

ते मुंबईत गिरणीत होते, साचेखात्यात. भोंगा, पाळी, रातपाळी, बदली हे सगळे शब्द आईच्या बालपणात भाजीपाल्यासारखे घरात पडलेले असायचे. दिमोना हे गाव वसलंच 1955 साली, नेगेवच्या वाळवंटात, आणि तिथं नव्यानं आलेल्यांना काम मिळावं म्हणून कापडगिरण्या काढलेल्या. म्हणजे हा माणूस लोअर परळच्या मागांवरून उठला, एक समुद्र ओलांडला आणि वाळवंटात पुन्हा मागांसमोरच जाऊन उभा राहिला. आवाज तोच, असं त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. भाषा कुठलीही असो, साच्यावर कुणी बोलतच नाही, हातवारे करतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आपलं काम अडलं नाही. फक्त इथं कापूस कोरडा वाटतो. मुंबईत हवेनंच ओल दिलेली असायची, इथं सूत तुटतं. मला ते वाक्य लहानपणी कळलं नव्हतं. आता कळतं आणि ते फक्त सुताबद्दल होतं असंच मानायचं मी ठरवलंय, कारण आजोबांना असं काही सुचवून बोलायची खोड नव्हती. सूत तुटतं म्हणजे सूत तुटतं.

मोरोक्कोहून आलेले त्यांचे सोबती त्यांच्या तोंडून ऐकून पाळीला ‘पाली’ म्हणायला लागले. आजोबा म्हणायचे, चला, आमच्या कुलाबा जिल्ह्यातलं एक गाव तरी यांना पाठ झालं.

मी त्यांना नीट भेटले ती 1994 मध्ये. मी अठ्ठावीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वीच दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले होते आणि येणं-जाणं एकदम सोपं वाटायला लागलं होतं. बीरशेबाहून बस निघाली तेव्हा खिडकीबाहेर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला कळेना. माळरान म्हणावं तर गवत नाही, डोंगर म्हणावेत तर झाड नाही. भाजलेल्या भाकरीचा रंग. आणि मग एकाएकी वसाहत, एकसारख्या चाळवजा इमारती, आणि पहिल्या जिन्यात पाय ठेवला तर फोडणीचा वास. मोहरी, कढीपत्ता, लसूण. तिथं दुसऱ्या मजल्यावर दारात पांढरा लेंगा-सदरा घातलेला एक किरकोळ म्हातारा उभा. पत्रातल्या ळ वरून मी फार दांडगा माणूस कल्पिला होता.

तीन आठवडे राहिले. ते पहाटे उठायचे, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनाच्या डबीला, बोटं लावून ओठांना लावायचे, आणि जुन्या चालीवर प्रार्थना म्हणायचे. सिनेगॉगला मात्र ते आमच्या जुन्या लोकांसारखं मशीदच म्हणायचे, त्यामुळे तिथले शेजारी काही काळ गोंधळले होते म्हणे. सणांची नावंही जुनीच. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, सुक्कोत म्हणजे खिरीचा सण, किप्पूरच्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. आजी गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा ढवळायची, तास-तास, आणि ढवळता ढवळता कंटाळली की चाटू आजोबांच्या हातात. नारळ डब्यातला असायचा. आजोबा डबा उघडताना दर वेळी वास घेऊन नाक मुरडायचे आणि दर वेळी खायचे. मासे बाजारातून स्वतः आणायचे. खवलं आणि पर असल्याशिवाय पिशवीत मासा पडायचा नाही. कोळंबीतला ळ त्यांना चालायचा, कोळंबी नाही.

त्या मासळीवरून एकदा विषय निघाला. आमच्या लोकांची जी कथा सांगतात, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या बुडाल्या, तोंडात ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी राहिली, ती मला पाठ होती. पुढं कोणी दूरचा जाणता आला आणि हे खरंच यहुदी का हे बघायला त्यानं बायकांपुढं मिसळ मासळी टाकली, तर त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली, ही पण. मी ती कौतुकानं सांगायला लागले. आजोबा थाळीतून मान वर न करता म्हणाले, ‘आमची परीक्षा संपतच नाही गं.’ मग कळलं. 1962 साली तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी काढलं होतं की बेने इस्राएलांचं इतरांशी लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्या तपासा. आजोबा पोचले ते ह्या गदारोळातच. 1964 च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, बायका-पोरांसकट, त्यांत हेही रजा टाकून बसले. मग तिथल्या संसदेनं सांगितलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत, यांत आणि इतरांत भेद नाही. ‘म्हणजे शेकडो वर्षं मासे निवडले ते जमेस धरलं,’ आजोबा म्हणाले, आणि सुरमईचा काटा काढून माझ्या भातावर तुकडा ठेवला.

तरी परत यावंसं वाटलं का कधी, हे मी विचारलं होतं. सगळेच विचारतात. ते म्हणाले, ‘पावसात वाटतं.’ दिमोनात पाऊस पडतो तो पडला असं म्हणण्यापुरता. ‘म्हणजे फार वेळा वाटत नाही.’

त्याच मुक्कामात मी मास्तरकी सुरू केली. मामेभाऊ तेव्हा विशीतला, सैन्यातून नुकता सुटलेला, आणि धाकटी भावंडं शाळकरी. घरात सगळे मराठी बोलायचे पण ‘केलं’ खायचे आणि ‘डोले’ चोळायचे. ‘केलं’ म्हणजे काय केलं, मी विचारायची. जीभ अशी मागं वळवा, टाळ्याला टेकवा, सोडा. पोरं लाळ गाळेपर्यंत प्रयत्न करायची आणि हसून लोळायची. मला खरंच वाटत होतं की मी आजोबांसाठी हे करतेय, सीमेवर त्यांचा किल्ला लढवतेय. त्यांना आवडेल. ते खिडकीशी ‘मायबोली’चा अंक घेऊन बसलेले, तिथल्या आपल्या लोकांनी मराठीत काढलेलं ते नियतकालिक, आणि चष्म्यावरून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘राहू दे गं. त्यांचं चाललंय ते ठीक चाललंय.’ मला ते लागलं. विमानतळावर रांग अडवून धरणारा हाच का तो, असं वाटलं. म्हातारे झाले, थकले, असा मी अर्थ लावला आणि ठाण्याला परत आल्यावर आईलाही तसंच सांगितलं.

पुढची सत्तावीस वर्षं मी तोच अर्थ धरून बसले होते.

आजोबा गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात, बिरड्याच्या रोज्याच्या, म्हणजे आमच्या एका उपवासाच्या, आदल्या दिवशी, आई आणि मी वाल सोलत बसलो होतो. मोड आलेल्या वालाचा तो कडसर वास, बोटं बुळबुळीत झालेली. मी बोलता बोलता म्हटलं की त्या ‘जवल’चं मला अजून कसंतरी होतं, आजोबांनी जन्मभर जपलेलं दोन पिढ्यांत गेलं. आई साल काढत म्हणाली, ‘गेलं कुठं? माझी आजी नारलच म्हणायची.’

मी हात थांबवले. आईचे चालू होते.

‘अगं तिकडची सगळीच तशी बोलतात की. आगरी, कोळी, आपले. नारल, डोला, पानी. घोड्याला घोरा. दादा, म्हणजे तुझे आजोबा, बारा वर्षांचे मुंबईला आले ते असंच बोलत आले. शाळेत मास्तर छडी घेऊन बसायचा. नळ म्हण. नल म्हटलं की छडी. उजव्या हाताला वळ उठायचे, आणि वळ म्हण म्हटलं तर तेही येईना.’ ती हसली. ‘आजी सांगायची. रात्री पोरगा गोधडीत तोंड घालून ळळळळ करत बसायचा म्हणे. सुट्टीत गावाला गेला आणि तिला म्हणाला, आई, नारळ म्हण. तिनं पहिल्यांदा त्याला मारलं ते तेव्हा.’

आईला हे सगळं इतकी वर्षं माहीत होतं आणि तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढून मात्र लोदची ती रात्र उलटी जायला लागली. पेन काढून कागदावर ळ काढणारा अडतीस वर्षांचा माणूस. तो बापजाद्यांकडून आलेला दागिना कुणाला देत नव्हता. 1937 साली रेवसहून बोटीनं मुंबईत उतरलेल्या पोरानं तो छड्या मोजून विकत घेतला होता. एका स्थलांतराची पावती होती ती, दुसऱ्या स्थलांतराच्या टेबलावर दाखवलेली. आणि दिमोनातल्या खिडकीत बसून तो जेव्हा नातवंडांना ‘केलं’ म्हणताना ऐकत असेल, तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल? मी त्यांना थकलेलं समजले होते. कदाचित त्या घरात रोज त्यांची आई बोलत होती. किंवा कदाचित तसंही नसेल, कदाचित त्यांना फक्त अंक वाचायचा होता आणि मी गोंगाट करत होते. विचारायला आता ते नाहीत, आणि होते तेव्हा मी जिभा वळवत होते.

नोव्हेंबरात आईला घेऊन गावी गेले. मांडव्यापर्यंत रो-रो, पुढं रिक्षा. गाव म्हणजे आमचं म्हणायचं तेवढंच, घर केव्हाच गेलं, त्या जागी कुणा मुंबईकराचा बंगला आणि पोहण्याचा हौद. कुंपणाच्या जाळीतून मागं उतरत गेलेली जुनी माडं दिसत होती. शेजारच्या पडवीत एक म्हातारी सुकी मासळी निवडत होती. आईनं आडनाव सांगितलं, ळ सकट. म्हातारीला काही उमगलं नाही. मग मी म्हटलं, शनवार तेली. ‘हां!’ तिनं माडांकडे हात केला. ‘ती शनवार तेल्यांची वारी. नारलाची वारी.’ आई माझ्याकडे बघून म्हणाली, ऐकलंस? त्या म्हातारीनं आम्हाला शहाळी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि निघताना विचारलं, तुम्ही लोक परत येणार का रहायला. आई म्हणाली, बघू.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मामेभावाचा फोन. दगड बसवायचा होता. हिब्रू मजकूर ठरला होता, खाली एक ओळ आजोबांच्या भाषेत घालावी असं सगळ्यांच्या मनात होतं, नुसतं नाव नि आडनाव. पाथरवटाकडे देवनागरी नाही, हातानं लिहून फोटो पाठव, तो बघून कोरेल. ‘ताई, ल लिहिनार का तो दुसरा?’ प्रश्न साधा होता. सहा महिन्यांपूर्वी मी क्षणात उत्तर दिलं असतं. आता मी रात्रभर विचार केला. दगडावर कुणाचा उच्चार घालायचा, त्यांच्या आईचा की मास्तरचा? सकाळी आईला विचारलं. ती दात घासत होती. चूळ भरून म्हणाली, ‘ळ घाल. मार खाल्लाय त्यांनी त्याच्यासाठी.’

मी बोरूसारखं तिरकं टोक असलेलं मार्कर आणलं, पांढऱ्या कागदावर चार-पाचदा गिरवलं, आणि त्यातल्या त्यात बरं आलेलं पाठवलं. ळ थोडा मोठाच काढला.

फेब्रुवारीत दगडाचा फोटो आला. पिवळट दगड, वर हिब्रूच्या चौकोनी ओळी, खाली आमची ओळ. पाथरवटानं शिरोरेघ कोरलीच नव्हती. हिब्रू अक्षरांना डोक्यावर एकत्र बांधणारी रेघ नसते, त्यानं ती कागदावरची आखणी समजून सोडून दिली असणार. त्यामुळे सगळी अक्षरं सुटी सुटी, अंगणात उभ्या पोरांसारखी, आणि मध्ये ळ, नुसते दोन फेरे. मी काही लिहायच्या आत व्हॉइस मेसेज आला. मागं वारा होता, तिकडच्या मोकळ्या माळावरचा.

‘ताई, वरची रेघ राहिली ना? पैसे परत मागू का? लांबून कलत नाही. पन जवल जाऊन बघितलं की कलतं.’

आई बाजूला येऊन उभी राहिली होती. तिनं कानातलं यंत्र नीट बसवलं आणि म्हणाली, ‘परत लाव.’